समास

दातीरांच्या वाचनालयातून आणली कादंबरी.
नारायण पेठ, जिना चढून डावीकडं,
माझा सभासद क्रमांक चारशे सात.
परक्या मुलखातलं युद्ध, आणि आपल्याकडच्या पाच नर्सेस
इस्पितळाच्या तळघरात अडकलेल्या.
पहिलं पान उलटायच्या आत
समासात शिसपेन्सिलीनं कुणीतरी:
‘पाच नव्हे. सात होतो.’

हसू आलं. पुण्यात पुस्तकं अशीच परत येतात,
शुद्धलेखन तपासून.

पण ही ऱ्हस्वदीर्घवाली नव्हती.
पान एकोणीस. बाहेर बॉम्ब पडतायत,
शाल्मली पांढऱ्याशुभ्र साडीत खिडकीशी उभी.
‘खिडक्यांना गाद्या लावलेल्या. साडी कुठली.’
पान चव्वेचाळीस. जखमी सैनिक तिचं नाव विचारतो,
मग दोन पानं नुसतं चांदणं.
‘नाव विचारत नाहीत. पाणी मागतात.
त्यांच्यात पाण्याला माय म्हणतात.
आधी वाटायचं, आईला हाक मारतायत.
एस्तेर धावत जायची
आणि हात धरून बसायची नुसती,
पाणी न देताच.’

इथं मी पुस्तक मिटलं.
बायको म्हणाली, चहा गार झाला.

एकतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात काढली.
तपासणी विभाग.
पितळी नळकांड्यावर गेज चढवायचा,
बसला तर हिरवा ठप्पा, नाही तर लाल.
पेटीला खिळे ठोकले की पुढचं विचारायचं नाही.
विचारलंही नाही.
बोनस वेळेवर व्हायचा, धायरीचा फ्लॅट झाला,
थोरलीचं डी.एड. झालं.

पान एकशे बावीस. डॉक्टर मांडीतून तुकडा काढतात,
शाल्मली तो कंदिलापाशी धरते,
त्यावरचा नंबर वाचते
आणि तिला कळतं, शत्रू कोण.
समासात दोनच बोटं जागा अडलेली:
‘नंबर राहत नाही.’

लॉट, साल, पाळी.
किती निगुतीनं ठोकायचो आम्ही!
एक आकडा तिरका गेला
तर चार्जमन अख्खी रांग थांबवायचा.
फुटल्यावर काय उरतं,
ते आमच्या तक्त्यात नव्हतं.

दोनशे तीन पानानंतर पेन्सिल गप्प.
कादंबरीत त्या सुटतात. लोहगावला विमान उतरतं,
हार, पेढे, फोटोवाले,
शाल्मलीला तर तिचा सैनिकसुद्धा मिळतो.
एकालाही हरकत नाही.
मी पानं ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली,
खोडल्याचा वळ तरी असेल म्हणून.

शेवटी, पुठ्ठ्याच्या आत,
परतीच्या तारखांचा कागद डकवतात ना, त्याच्या खाली,
आधीच्यापेक्षा बारीक अक्षर:
‘लेखिकाबाईंनी छान लिहिलंय.
आणि त्यांचंही बरोबर आहे. आलो पाचच.
एस्तेर आणि छबू राहिल्या.’

परत करताना दातीरांनी सवयीनं पानं चाळली.
गल्ल्यावर खोडरबर दोऱ्यानं बांधलेलं असतं.
म्हणाले, रेघोट्यांना वीस रुपये दंड.
मी म्हटलं, अक्षर माझंच. घ्या दंड,
पण खोडू नका.

चष्म्यावरून बघत राहिले.
मग हलक्या आवाजात,
मागं दिवाळी अंक चाळणाऱ्याला ऐकू जाऊ नये असं,
‘मग दोनशे तीनलाच का थांबलात?’

मला काही सांगता येईना.
त्यांनी वीसची नोट ड्रॉवरमध्ये सरकवली,
पावती केली,
वर नंबर घातला.